कापूस-तंबाखूच्या मुलखातली गाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण. छापण्यासाठी लिहून काढताना तपशील थोडा वाढविला आहे.)



चिटणीसबाई विषय विचारायला घरी आल्या तेव्हा मी नाट्यगीतांवर, नाही तर भावगीतांवर बोलेन अशी त्यांची समजूत होती. भजनी वर्गाची पेटी इतकी वर्षे माझ्याच हातात आहे, तेव्हा ती समजूत रास्तच म्हणायची. मी 'ब्ल्यूज' हा शब्द सांगितला तो त्यांनी वहीत एकदा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला, आणि हळूच विचारले, "बायकांना आवडेल ना हो?" आवडले की नाही ते तुम्ही शेवटी सांगा.

विषय दूरचा वाटतो, पण तो ज्या मुलखाचा आहे तो मुलूख आपल्याला आता तितका दूरचा राहिलेला नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातील केरी, मॉरिसव्हिल, डरहॅम ही नावे आपल्या मंडळात रोज कोणाच्या ना कोणाच्या तोंडी असतात. लेकीच्या बाळंतपणाला जायचे, सहा महिने राहायचे, डिंकाचे लाडू करून घालायचे आणि परत यायचे. मीही तशीच राहून आले. लेकीच्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासावर कारबरो नावाचे लहानसे गाव आहे. तेथे रेल्वेच्या रुळांना लागून पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी एक वाट आहे, आणि तिला लिबा कॉटन हिचे नाव दिले आहे. (आडनावाचे स्पेलिंग वेगळे आहे, कापसाशी त्याचा संबंध नाही, पण माझ्या आजच्या भाषणात कापूसही पुष्कळ येणार, म्हणून आधीच सांगून ठेवते.) ही बाई कोण म्हणून जावयांना विचारले, तर म्हणाले, इथलीच होती, गिटार वाजवायची, जन्मभर लोकांकडे घरकाम करायची. घरकाम करणाऱ्या बाईचे नाव वाटेला दिलेले मी तरी पहिल्यांदाच पाहिले. त्यानंतरचे चार महिने गावच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून वाचण्यात आणि रेकॉर्डी ऐकण्यात गेले. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे, कारण तिचे गाणे समजायला आधी तिच्यासारख्यांचे मुलूख समजावे लागतात.

ब्ल्यूज म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय लोकांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेला हा गाण्याचा प्रकार. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. पहिली ओळ दोनदा का? जिने जात्यावर ओवी रचली असेल तिला हे समजावून सांगायला नको. तेवढ्या वेळात पुढची ओळ सुचते. सुरांचे म्हणाल तर यांचा गांधार कोमल म्हणावा तर थोडा चढा आणि शुद्ध म्हणावा तर उतरलेला. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कोठेतरी. पेटीवर तो काढू गेले, निघाला नाही. गिटारीची तार बोटाने ओढली की मात्र निघतो. ब्ल्यूज म्हणजे नुसते रडगाणे असा एक समज आहे, तो खरा नाही. यातली बहुतेक गाणी नाचासाठी होती. दुःख आहेच, पण त्यात थट्टा आहे, टोमणे आहेत, मालकाची नक्कल आहे, नवऱ्याची तर विचारूच नका.

आता थोडा इतिहास. तो आपल्याला अगदीच परका नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध झाले. दक्षिणेचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरांचा जुगार माजला आणि १८६५ साली युद्ध संपताच पुष्कळांचे दिवाळे निघाले, हे आपण शाळेत वाचले आहे. शाळेत जे फारसे सांगत नाहीत ते असे की, महात्मा फुले यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसली त्यांना अर्पण केले. म्हणजे त्या शेतांवर काय घडले याची दखल पुण्यात बसून एका मराठी माणसाने तेव्हाच घेतली होती.

परंतु मुक्तता झाली म्हणजे पोटाची सोय झाली असे नव्हे. जमीन गोऱ्या मालकांचीच राहिली आणि कालचे गुलाम आज अर्धेलीने शेती करू लागले. वसंतात मालकाच्याच दुकानातून पीठ, खारवलेले मांस, काकवी उधारीवर आणायची. वर्षभर घरातल्या पोराबाळांसकट कापसात राबायचे. आणि डिसेंबरात हिशेब. हिशेबाची वही मालकाकडे. वर्षअखेर हाती काही येण्याऐवजी देणेच निघाले असे वर्षामागून वर्ष व्हायचे. यात भर म्हणजे मतदानाचा हक्क नाही, शाळा वेगळ्या, आगगाडीचा डबा वेगळा, आणि जमावाच्या हातून फासावर जाण्याचे भय कायमचे.

या गाण्यांच्या ज्या मुलखाचे नाव सर्वांत मोठे तो मिसिसिपी राज्यातील 'डेल्टा'. नावावरून नदीचे मुख डोळ्यांपुढे येते, पण तसे नाही. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधला हा गाळाचा सपाट पट्टा. मेम्फिसपासून विक्सबर्गपर्यंत सुमारे २०० मैल. येथले दाट अरण्य तोडून, पुराला बांध घालून कापसाचे प्रचंड मळे उभे केले गेले. विल डॉकरी नावाच्या मालकाने १८९५ साली वसविलेला मळा एवढा मोठा होता की त्याचे स्वतःचे दुकान आणि स्वतःचे चलनसुद्धा होते. शेकडो कुटुंबे एके ठिकाणी. आठवडाभर राबणारी आणि शनिवारी रात्री मोकळी. गाणाऱ्याला याहून मोठा श्रोतृवर्ग कोठे मिळणार? शनिवारी कोणाच्या तरी खोपटातले पलंग अंगणात काढायचे, घरच्या बाईने मासे तळायचे, ते विकायचे आणि गिटारवाल्याला बोलवायचे. रात्रभर नाच चालायचा.

चार्ली पॅटन याच डॉकरीच्या मळ्यावर वाढला. त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो भांडखोर वाटला. मग लक्षात आले, ध्वनिक्षेपक नाही, पाऊणशे माणसे लाकडी फळ्यांवर पाय आपटीत आहेत, तेथे मधुर आवाज घेऊन काय करायचे? तो गिटारीवर थापा मारतो, शब्द अर्धे गिळतो. १९२७ साली मिसिसिपीला महापूर आला. ग्रीनव्हिल गावी गोऱ्या कुटुंबांना आगबोटींनी हलविण्यात आले आणि कृष्णवर्णीयांना बांधावरच्या छावण्यांत अडकवून कामाला जुंपण्यात आले. पॅटनने दोन वर्षांनी त्या पुराचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्यात तो एकामागून एक गावांची नावे घेतो. पाणी कोठे आले, कोठे जावे, तेथेही पाणी. सरकारी अहवालात जे सापडत नाही ते त्या दोन बाजूंच्या रेकॉर्डमध्ये सापडते. पॅटन १९३४ साली वारला. सन हाउस, रॉबर्ट जॉन्सन, पुढे शिकागोला जाऊन नाव काढलेला हाउलिन वुल्फ, हे सगळे याच पट्ट्यातले. त्यांच्याबद्दल पुस्तकेच्या पुस्तके आहेत. जॉन्सनने चव्हाट्यावर सैतानाला आत्मा विकला, ही कथाही तुमच्या नातवंडांनी ऐकली असेल. मला त्या कथेत रस नाही. रोज संध्याकाळी दुसऱ्याचे ऐकून, हात दुखेपर्यंत वाजवून माणूस शिकतो हे सांगायला सैतान कशाला हवा?

मला रस वाटला तो याच्या शेजारच्या मुलखात. डेल्टाची सपाटी संपते तेथे पूर्वेला टेकड्या लागतात. मोटारीने तासाभराचे अंतर, पण जमीन हलकी, मळे लहान. काही कृष्णवर्णीय कुटुंबांची स्वतःची चार एकर जमीन. माणसे मळामालकाच्या भोंग्यावर जगत नव्हती. त्यामुळे शनिवारच्या नाचाइतकेच महत्त्व उन्हाळ्यातल्या वनभोजनाला आले. बोकड भाजायचा, सगळे गणगोत जमायचे, आणि वेळूची बासरी व ढोल वाजायचे. येथे ढोल हा शब्द मी मुद्दाम उच्चारते. साउथ कॅरोलिनात १७३९ साली गुलामांचे बंड झाल्यावर पुढच्याच वर्षी कायद्याने त्यांचे ढोल बंद केले होते, कारण ढोलावरून निरोप जातो. आणि या टेकड्यांत ढोल टिकून राहिला! तापलेल्या सळईने वेळूला भोके पाडून बासरी करणारा ओथा टर्नर २००३ साली नव्वदी ओलांडून वारला. त्याच दिवशी त्याची मुलगीही गेली. अंत्ययात्रेत पुढे बासरी वाजवीत चालली ती त्याची बारा-तेरा वर्षांची नात.

या ढोलाचा परिणाम तेथल्या गिटारीवर झाला आहे. डेल्टातले गाणे एका स्वरसंघातून दुसऱ्यात जाते. टेकड्यांतले गाणे एकाच आधारस्वरावर घुमत राहते, तंबोऱ्यासारखे, आणि लय मात्र सोडत नाही. आपल्या कानाला हे लवकर पटते. १९५९ च्या सप्टेंबरात लोकगीतांचा संग्राहक ॲलन लोमॅक्स कोमो गावी ढोल-बासरीचे ध्वनिमुद्रण करीत होता. संध्याकाळी कापूस वेचून घरी परतलेला एक शेतकरी गिटार घेऊन तेथे आला. त्याचे नाव फ्रेड मॅकडॉवेल. वय पन्नाशीच्या पुढे, तोवर एकही रेकॉर्ड नाही. काचेच्या नळीने तो तारेवर असे काही सूर घसरवीत नेई की गिटार वाक्य अर्धे म्हणते आणि माणूस पुरे करतो, की उलट, हे कळू नये. त्या मुद्रणात त्याची बहीण फणीवर कागद धरून त्यातून फुंकीत साथ करते आहे. फणी! आपण लहानपणी केलेला खेळ. पण तिची साथ काढून टाका आणि ऐका, गाणे अर्धे होते.

आणखी एक घराणे सांगते. घराणे हा आपला शब्द मुद्दामच वापरते. सिड हेम्फिल नावाचा आंधळा वादक फिडल, बासरी, ढोल, जे हाती येईल ते वाजवी आणि पुष्कळशी वाद्ये स्वतःच करी. लोमॅक्सने त्याचे ध्वनिमुद्रण १९४२ आणि १९५९ अशा दोन खेपांत केले. त्याच्या मुली वाजवीत, आणि नात जेसी मे हेम्फिल पुढे एकटी गिटार घेऊन, पायाला खंजिरी बांधून रंगमंचावर बसे. २००६ साली ती वारली. म्हणजे आजोबांची लय नातीच्या पायात.

या दोन्ही मुलखांच्या शिवेवर, टेकडी जेथे सपाटीला टेकते तेथे, ॲव्हलॉन नावाचे वाडीएवढे गाव आहे. तेथला जॉन हर्ट हा माझा सर्वांत आवडता. आवाज बोलल्यासारखा मऊ, कोणाची झोप मोडू नये असा. त्याला पहिली गिटार आईने दीड डॉलरला घेऊन दिली. शेजारच्या गोऱ्यांच्या नाचालाही तो वाजवी, आणि एका गोऱ्या फिडलवाल्याच्या शिफारशीमुळेच १९२८ साली त्याच्या रेकॉर्डी निघाल्या. पुढच्याच वर्षी महामंदी आली, रेकॉर्डी खपेनात, आणि हर्ट पुन्हा गुराढोरांकडे आणि शेतीकडे वळला. पस्तीस वर्षे त्याचे नाव कोणी घेतले नाही. त्याच्या एका गाण्यात ॲव्हलॉन आपले गाव असल्याचे येते, तेवढ्या धाग्यावर १९६३ साली एक तरुण त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. सत्तरीच्या हर्टला वाटले, पोलीस आले! त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या संगीत महोत्सवात हजारो लोकांपुढे वाजवीत होता. १९६६ साली तो गेला, पण ती तीन वर्षे त्याला मिळाली. गाण्यात गावाचे नाव नसते तर मिळाली नसती.

येथवर माझ्या भाषणात बायका मासे तळताहेत, फणी फुंकताहेत, मुलाला गिटार घेऊन देताहेत. तुमच्या मनातला प्रश्न माझ्याही मनात आला होता. मौज अशी की ब्ल्यूजची रेकॉर्ड पहिल्यांदा खपली ती बाईची. १९२० साली मेमी स्मिथ, पाठोपाठ बेसी स्मिथ, मा रेनी. पण त्या रंगभूमीवरच्या, वाद्यवृंद घेऊन गाणाऱ्या. १९२६ पासून टेक्सासच्या ब्लाइंड लेमन जेफरसनची रेकॉर्ड खपू लागली आणि कंपन्या खेड्यांतल्या एकट्या गिटारवाल्यांना शोधू लागल्या. त्यांनी कोठे शोधले? रस्त्यावर, गुत्त्यात, नाचाच्या घरी. तेथे रात्री उभी राहणारी बाई विरळा, आणि उभी राहिलीच तर तिच्याविषयी काय बोलत ते सांगायला नको. मेम्फिस मिनीसारखी एखादी निघाली. लिझी डग्लस तिचे खरे नाव. लहानपणीच घरातून पळून मेम्फिसच्या बील स्ट्रीटवर वाजवू लागली, १९२९ पासून शेकड्यांनी गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि गिटारीच्या पैजेत बिग बिल ब्रून्झीला हरविले असे त्यानेच लिहून ठेवले आहे. पण गीची वायली आणि एल्व्ही थॉमस पाहा. १९३० च्या सुमारास विस्कॉन्सिनात जाऊन दोघींनी मिळून मोजून सहा बाजू ध्वनिमुद्रित केल्या, आणि एल्व्हीने पुढे चर्चसाठी ब्ल्यूज सोडले ते कायमचे. रस्त्यावर येणार नाहीत त्या घरातच वाजविणार, आणि घरात कंपनी येत नाही.

आता पूर्वेकडे, आपल्या लेकीसुनांच्या मुलखाकडे येऊ. ॲपलेशियन पर्वत आणि समुद्रकिनारा यांमधल्या उंचवट्याच्या पट्ट्याला पीडमॉन्ट म्हणतात. येथे कापसाचे अफाट मळे नव्हते. तंबाखूची लहान शेते, कापडाच्या गिरण्या, आगगाडीचे फाटे, पगाराची नोकरी. गोरे आणि काळे येथे वेगळेच राहात, पण एकमेकांचे वाजविणे कानावर पडे. आणि बँजो! हे वाद्य गोऱ्या शेतकऱ्यांचे समजले जाते, पण ते मूळचे आफ्रिकेचे. भोपळ्याला कातडे ताणून केलेले. बँजोवर रुळलेली बोटे गिटारीवर आली म्हणून पीडमॉन्टची गिटार हलकी, नाचरी आहे. अंगठा खर्जाच्या तारांवर एक-दोन, एक-दोन असा संथ चालतो, आणि वर दोन बोटे गाण्याची चाल वाजवितात. एकटी बाई, पण ऐकणाराला दोघी वाजविताहेत असे वाटावे.

डरहॅममध्ये आज ज्या विटांच्या जुन्या इमारतींत कचेऱ्या आणि उपाहारगृहे आहेत, त्या तंबाखूच्या वखारी आणि कारखाने. पानांतल्या शिरा काढण्याचे काम कृष्णवर्णीय बायकांकडे असे. धूळ नाकातोंडात जाई, आणि काम करता करता त्या एकसुरात भजने म्हणत. शरद ऋतूत तंबाखूचा लिलाव भरला की शेतकऱ्याच्या खिशात पैसा खुळखुळे. त्या वेळी वखारीच्या दाराशी ब्लाइंड बॉय फुलर वाजवीत बसे. या गाण्यांच्या इतिहासात आंधळे इतके का, असे मी वाचताना मनात आले. उत्तर कठोर आहे. शेतात आणि कारखान्यात ज्याचा उपयोग नाही त्याला पोट भरायला गिटारीवाचून दुसरा मार्ग नव्हता. फुलरने १९३५ ते १९४० या सहा वर्षांत शंभरावर गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९४१ साली तो गेला.

फुलर रस्त्यावर होता म्हणून सापडला. त्याच राज्यात पश्चिमेला एटा बेकर होती. १९१३ सालचा जन्म. वडिलांनी तीन वर्षांची असताना तिच्या हातात गिटार दिली. घरात सगळेच वाजविणारे. १९५६ साली एक गोरा गायक त्या भागात फिरायला आला असता वडिलांनी आपण होऊन त्याला लेकीचे वाजविणे ऐकविले, म्हणून तिची पाच गाणी एका रेकॉर्डवर आली. ती रेकॉर्ड ऐकून कित्येक तरुण तसे वाजवायला शिकले. आणि एटाबाई? नऊ मुलांचा संसार आणि मॉर्गनटनच्या कापडगिरणीत नोकरी. बाहेर जाऊन वाजवावे हे नवऱ्याला पसंत नव्हते. सव्वीस वर्षे गिरणीत काढून साठीला तिने नोकरी सोडली आणि मग गावोगाव कार्यक्रम केले. स्वतःच्या नावाची पहिली स्वतंत्र तबकडी निघाली १९९१ साली, तिच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.

आणि आता लिबा कॉटन. तिचा जन्म १८९३ चा धरतात. घरात तिला नुसते 'बेबी', 'धाकटी' म्हणत. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारले तेव्हा तिने स्वतःच सांगून टाकले, एलिझाबेथ. भाऊ कामावर गेला की ती त्याचा बँजो चोरून वाजवी. ती डावखुरी. तारा बदलायची सोय नाही, म्हणून वाद्य उलटे धरी. मग अंगठ्याने चाल आणि बोटांनी खर्ज, म्हणजे सगळ्या जगाच्या उलट. आणि तेच तिचे वैशिष्ट्य ठरले. अकरा-बारा वर्षांची असताना लोकांकडे कामाला जाऊ लागली. महिना डॉलरच्या आत-बाहेर पगार. त्यातून साठवून पावणेचार डॉलरची गिटार घेतली. घरामागून मालगाडी जाई. तिच्यावर तिने त्याच वयात एक गाणे केले, 'फ्रेट ट्रेन', म्हणजे मालगाडीच. सतराव्या वर्षी लग्न, मग मुलगी. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले, ही लौकिकातली गाणी देवाला चालत नाहीत, सोडून दे. तिने सोडली. पंचवीस वर्षांहून अधिक काळ गिटार जवळजवळ बंद. तिच्या मनाला काय वाटले हे कोठे लिहिलेले नाही. चर्चमधल्या त्या लोकांना मी वाईटही म्हणणार नाही, कारण आठवडाभराच्या अपमानानंतर माणूस म्हणून उभे राहायला तेवढी एकच जागा होती. पण पंचवीस वर्षे!

पुढे वॉशिंग्टनला एका मोठ्या दुकानात ती बाहुल्यांच्या विभागात काम करीत होती. एक लहान मुलगी आईपासून चुकली. हिने तिला आईकडे पोहोचविले. ती आई म्हणजे रूथ क्रॉफर्ड सीगर, स्वतः नामांकित संगीतकार. पती चार्ल्स सीगर संगीतशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी लिबाला घरकामाला ठेवले. त्या घरात दिवसभर लोकगीतांचे संशोधन चाले, आणि जिच्या पोटात ती गीते होती ती स्वयंपाकघरात पाव भाजत होती. कोणालाच पत्ता नाही. एके दिवशी भिंतीवरची गिटार काढून ती वाजवीत बसलेली मुलांनी ऐकली.

मैत्रिणींनो, येथे मी वाचता वाचता पुस्तक मिटून ठेवले होते. आपल्या घरी पंधरा-पंधरा वर्षे येणाऱ्या बाईंना काय येते हे आपल्याला ठाऊक असते का? भांडी घासताना त्या गुणगुणतात ते आपण ऐकतो, पण ते काय आहे म्हणून विचारले आहे का? मी विचारले नव्हते. परत आल्यावर विचारले, आणि आमच्या बाईंनी लग्नाच्या हळदीची जी गाणी सांगितली ती माझ्या वहीची अकरा पाने भरून आहेत. पुढच्या वर्षी त्यांनाच येथे गायला बोलवावे अशी माझी सूचना आहे; कार्यकारी मंडळाने तिचा विचार करावा, आणि मानधनासकट करावा.

मानधनाचे मुद्दाम म्हणते. सीगरांच्या घरातली ती चुकलेली मुलगी, पेगी, मोठी होऊन इंग्लंडला गेली आणि 'फ्रेट ट्रेन' तिच्या तोंडून तेथे पसरले. १९५७ साली इंग्लंडात त्या गाण्याची रेकॉर्ड धडाधड खपली आणि कर्ते म्हणून नावे लागली ती दुसऱ्याच दोघा इंग्रजांची. बारा वर्षांच्या मुलीने केलेले गाणे, आणि चौसष्टाव्या वर्षी ते तिचे नाही! सीगर कुटुंबाच्या खटपटीने पुढे हक्क तिच्या नावावर झाला. पेगीच्या भावाने, माइकने, घरीच तिचे ध्वनिमुद्रण केले आणि १९५८ साली तिची पहिली रेकॉर्ड निघाली. १९६० पासून ती सभागृहांतून वाजवू लागली, सुरुवातीची बरीच वर्षे घरकाम सांभाळूनच. कार्यक्रमांच्या मिळकतीतून तिने सिराक्यूजला स्वतःचे घर घेतले. १९८५ साली, नव्वदी उलटल्यावर, तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. १९८७ साली ती वारली.

वेळ झाला आहे, चहाची भांडी मागे वाजू लागली आहेत. आता तीन गाणी ऐकविते. पहिले मॅकडॉवेलचे, त्यात फणीकडे लक्ष ठेवा. दुसरे जॉन हर्टचे. ते लागल्यावर कृपया बोलू नका, आवाज फार मऊ आहे. तिसरे लिबाच्या १९६७ सालच्या तबकडीवरचे, 'शेक शुगरी'. रात्री पोरांना निजवताना तिने हे गाणे सुरू केले, आणि पतवंडांनी एकेकाने आपापले कडवे जोडले. एकेक वस्तू गहाण टाकत गेल्याचे गाणे आहे, पण पोरांनी ते हसत हसत केले आहे. गिटार पणजीची. गाते आहे ती बारा वर्षांची पणती.